नळाचं पाणी, हंड्यातलं पाणी: मुंबईच्या वस्तीत विद्यार्थ्यांनी करायच्या पाणी-तपासणीचा आराखडा

कॉलेजच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रकल्पांचा एक ठरलेला साचा आहे. विषय ‘झोपडपट्टीतील आरोग्यविषयक समस्या’, चाळीस प्रश्नांची प्रश्नावली, शंभर घरं, रंगीत पाय चार्ट आणि शेवटच्या पानावर ‘जनजागृतीची गरज आहे’. मेहनत खरी असते, पण ज्या ताईंनी कामधाम सोडून उत्तरं दिली त्यांच्या हाती काही पडत नाही, आणि पालिकेच्या अभियंत्यालाही त्यातून नेमकं काय दुरुस्त करायचं ते कळत नाही.

म्हणून प्रश्न लहान घ्या. इथे एकच धरला आहे: नळातून येताना पाणी स्वच्छ असतं का, आणि घरात प्यायच्या वेळेपर्यंत ते स्वच्छ राहतं का? त्यासाठी प्रत्येक घरातून दोन नमुने घ्यायचे, एक नळाचा आणि एक हंड्याचा. या जोडीमुळे दोष कुठे आहे ते दिसतं. नळाचंच पाणी दूषित असेल तर काम जलवाहिनीचं, म्हणजे पालिकेचं. नळाचं चांगलं आणि हंड्यातलं वाईट असेल तर साठवणीकडे पाहायचं. नुसता हंडा तपासला की दोष आपोआप घरातल्या बाईच्या माथी जातो, आणि तो बहुतेक वेळा अन्याय असतो.

पाणी बिघडतं कुठे

मुंबईला सात तलावांतून पाणी येतं: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. विहारचं पाणी १८६० पासून शहरात येतंय. भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होऊन, क्लोरीन मिसळून पाणी सेवा जलाशयांत जातं आणि तिथून विभागवार ठरलेल्या वेळेत सोडलं जातं.

बिघाड या ठरलेल्या वेळेतून येतो. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की वाहिनी हळूहळू रिकामी होते आणि आतला दाब उतरतो. वस्तीत जोडण्या बऱ्याचदा गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच गेलेल्या असतात. सांधा सैल किंवा पाइप गंजलेला असेल तर बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. कमी दाबावर कुणी मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. पुन्हा पाणी सुटतं तेव्हा हे सगळं पहिल्या धारेबरोबर नळातून बाहेर पडतं. हुबळी-धारवाडमधल्या चोवीस तासांच्या आणि खंडित पुरवठ्याची तुलना करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यातही खंडित पुरवठ्याचं पाणी जास्त दूषित आढळलं होतं. तुमच्या कामासाठी याचा अर्थ असा की नमुना पाणी सुटल्यावर किती मिनिटांनी घेतला हे लिहिलं नसेल तर त्या नमुन्याला फारशी किंमत नाही.

किती घरं, कोणती घरं

दोघांच्या दोन जोड्या असतील तर दोन तासांच्या पाण्याच्या वेळेत मिळून दहा घरं नीट होतात. पाच दिवसांत पन्नास. पन्नास जोड्यांवरून ‘वस्तीतल्या इतक्या टक्के घरांत पाणी दूषित’ असं सांगाल तर चूक दोन्ही बाजूंना सुमारे १४ टक्क्यांपर्यंत असू शकते, हे अहवालात स्पष्ट लिहा. ती १० टक्क्यांवर आणायची तर ९६ घरं लागतात. नळ आणि हंडा यांच्यातला फरक मात्र पन्नास जोड्यांत दिसू शकतो, कारण तुलना त्याच घराची त्याच घराशी होते.

जुलाबाचं प्रमाण आणि पाण्याची गुणवत्ता यांचा संबंध सिद्ध करण्याचा मोह सोडून द्या. एका गटात १० टक्के आणि दुसऱ्यात २० टक्के एवढा मोठा फरक पकडायलाही प्रत्येक गटात सुमारे २०० घरं लागतात. पन्नास घरांतून असा निष्कर्ष काढला की परीक्षकांचा पहिला प्रश्न त्यावरच येतो.

घरं निवडताना ओळखीच्या ताईंच्या गल्लीपासून सुरुवात करू नका. आधी एक दिवस वस्ती चालून हातानं नकाशा काढा आणि दारं मोजा. समजा ४०० दारं आहेत आणि ५० हवीत, तर दर आठवं दार. पहिलं दार १ ते ८ मधून चिठ्ठी टाकून ठरवा. कुलूप असेल तर आणखी दोनदा जा. तरीही नाही मिळालं तर ‘मिळालं नाही’ असं लिहा. शेजारचं घर गुपचूप घेऊ नका, कारण दिवसभर कुलूप असणारी घरं ही कामावर जाणाऱ्यांची असतात आणि त्यांची पाणी साठवायची पद्धत वेगळी असते.

मुंबईत हमखास होणारी आणखी एक चूक आहे. चाळीत आणि वस्तीत एक जोडणी चार-पाच घरांत मिळून असते. अशा पाच घरांतून नळाचे पाच नमुने घेतले तर ते पाच नसून एकच नमुना पाचदा मोजला जातो. म्हणून घराच्या क्रमांकाबरोबर जोडणीचाही क्रमांक द्या आणि एका जोडणीवरून एकच घर घ्या. निवडीत दुसरं आलंच, तर पुढच्या आठव्या दारावर जा आणि तशी नोंद ठेवा.

परवानगी

माणसांकडून माहिती घ्यायची असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं याबाबतीत आधार आहेत. अर्जाबरोबर मराठी आणि हिंदी संमतीपत्र, प्रश्नावली आणि माहिती कशी जपणार याची टीप जोडा. या मंजुरीसाठी वेळापत्रकात किमान सहा आठवडे धरा. पावसाळ्यात नमुने घ्यायचे असतील तर अर्ज एप्रिलमध्ये गेला पाहिजे. मंजुरीआधी गोळा केलेली माहिती नंतर वापरता येत नाही.

कागदावरच्या संमतीपेक्षाही एक गोष्ट जास्त जपायची आहे. काही घरांची पाणीजोडणी कागदोपत्री नसते. वस्तीतल्या लोकांना, बांधकाम अधिकृत नसलं तरी, पाणी नाकारता येणार नाही अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये घेतली, पण जोडणी तोडली जाण्याची धास्ती आजही खरी आहे. तुमच्या एका तक्त्यामुळे कुणाचं पाणी तुटलं तर ते नुकसान भरून येत नाही. म्हणून जोडणी अधिकृत आहे का, मोटर कुणाची, पाणी कुणाकडून विकत घेता, हे विचारूच नका. मोबाइल अर्जातलं जीपीएस बंद ठेवा. घराचा फोटो काढू नका. नावांची यादी ठेवावीच लागली तर ती वेगळ्या वहीत, मार्गदर्शक शिक्षकांच्या कपाटात असू द्या.

वस्तीत पहिल्यांदा जाताना तिथल्या आरोग्यसेविकेला किंवा महिला मंडळाच्या ताईंना आधी भेटा. पाणी किती वाजता येतं, कोणत्या गल्लीत शेवटी पोहोचतं हे त्यांना तोंडपाठ असतं.

सामान

पन्नास घरांचा हिशेब असा: १०० मुख्य नमुने, १० दुबार नमुने (त्याच पाण्याचे दुसऱ्यांदा घेतलेले), रोज एक कोरा नमुना (जीवाणू नसलेलं पाणी, चाचणीतली चूक पकडायला) म्हणजे ५, आणि ५ जादा. एकूण १२० हायड्रोजन सल्फाइड कुप्या. ही चाचणी मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी १९८२ मध्ये मांडली. कुपीत पाणी भरून ठेवायचं. विष्ठेबरोबर येणारे बरेच जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्यामुळे पाणी काळं पडतं. इनक्यूबेटर नसला तरी चालतं, हा तिचा मोठा फायदा.

क्लोरीनसाठी डीपीडी गोळ्या (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं) आणि रंग जुळवायचा छोटा संच घ्या. जुनी पिवळा रंग देणारी ऑर्थोटोलिडिन पद्धत टाळा. ती एकूण क्लोरीन दाखवते, मुक्त (जंतू मारायला मोकळा उरलेला) क्लोरीन नाही, आणि ते रसायनही घातक आहे. याशिवाय बर्फाची पेटी, पाण्याने न पुसणारा मार्कर, ७० टक्के अल्कोहोल, हातमोजे, घड्याळ आणि डोक्याला लावायचा टॉर्च लागेल. पहाटे पाच वाजता गल्लीत उजेड नसतो.

नमुन्याच्या काचेच्या बाटल्या १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केलेल्या हव्यात. निर्जंतुक करण्याआधी १२५ मिलिच्या प्रत्येक बाटलीत ३ टक्के सोडियम थायोसल्फेटचं ०.१ मिलि, म्हणजे साधारण दोन थेंब द्रावण टाका. नळाच्या पाण्यातला क्लोरीन बाटलीतही जीवाणू मारत राहतो, थायोसल्फेट त्याला तिथेच थांबवतं. ते विसरलं तर नळावर दूषित असलेलं पाणी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ‘शुद्ध’ होतं. क्लोरीन मोजायच्या भांड्यात मात्र थायोसल्फेटचा थेंबही जाता कामा नये. दोन्ही बाटल्यांना वेगळ्या रंगाची पट्टी लावा.

टीडीएस मीटरने पाणी ‘शुद्ध’ असल्याचं दाखवणाऱ्यांवर विसंबू नका, आणि तुम्हीही तसं करू नका. ते विरघळलेले क्षार मोजतं, जीवाणू मोजत नाही. गटार मिसळलेल्या पाण्याचाही टीडीएस कमी येऊ शकतो.

पहाटेचं काम

पाणी सुटायच्या अर्धा तास आधी गल्लीत हजर राहा. नळ सुरू होताच वेळ लिहा. पहिला नमुना पहिल्या दोन मिनिटांत घेतलात तर तो पहिल्या धारेचा, आणि वीस मिनिटांनी घेतलात तर स्थिरावलेल्या पुरवठ्याचा. सगळ्या घरांतून दोन्ही घेणं जमत नाही, म्हणून मुख्य नमुना वीस मिनिटांनंतरचाच ठरवा आणि दहा घरांतून पहिल्या धारेचेही घ्या. त्यासाठी दहा कुप्या जास्त मागवा, म्हणजे एकूण १३०.

पाठ्यपुस्तकात नळाचं तोंड ज्योतीने तापवून घ्या असं असतं. ते वाहिनीतलं पाणी तपासण्यासाठी. तुम्हाला लोक जे पाणी भरतात तेच तपासायचंय, त्यामुळे नळ जाळू नका. नळाला रबरी नळी किंवा फडकं बांधलेलं असेल तर मात्र एक निर्णय आधीच घ्या आणि सगळीकडे पाळा: नमुना नळी काढून घेणार की ठेवून? ठेवूनच घ्या, आणि नळी होती हे लिहा.

या फडक्याबद्दल थोडं. बांगलादेशातल्या मतलबमध्ये जुन्या साडीच्या चारपदरी घडीतून पाणी गाळल्यावर कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं, हा २००३ सालचा निष्कर्ष विद्यार्थी आवडीने उद्धृत करतात. पण तिथलं पाणी तळ्याचं आणि नदीचं होतं. कॉलऱ्याचे जीवाणू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटलेले होते आणि कापडात ते प्राणी अडकत होते. मुंबईच्या नळाच्या पाण्यात ती परिस्थिती नाही. इथे सतत ओलं राहणारं फडकं गाळणी म्हणून मोजू नका. ते कितीदा धुतलं जातं तेवढं विचारा.

बाटलीचं झाकण एका हाताने धरा, जमिनीवर ठेवू नका, तोंडाला बोट लावू नका. वर अडीच सेंटिमीटर जागा सोडा. लगेच दुसऱ्या भांड्यात १० मिलि पाणी घेऊन डीपीडी गोळी टाका आणि मिनिटाच्या आत रंग वाचा. उशीर केला तर रंग गडद होतो आणि आकडा फुगतो. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ प्रमाणे मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, आणि १०० मिलि पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जीवाणू) अजिबात आढळू नये.

हंड्याचा नमुना त्याच दिवशी, पाणी भरल्यानंतर सहा ते आठ तासांनी घ्या. घरातले लोक ज्या भांड्याने पाणी काढतात, त्यांच्याच हाताने, त्याच भांड्यातून बाटलीत ओतून घ्या. ओगराळं असेल तर ओगराळ्याने, तांब्या बुडवत असतील तर तांब्याने. तुम्ही निर्जंतुक पळीने काढलंत तर तुम्ही हंडा तपासलात, लोक पितात ते पाणी नाही. आदल्या दिवसाचं पाणी हंड्यात शिल्लक होतं का, तेही विचारा. जुन्यावर नवं भरलं असेल तर जोडी बिघडते.

बाटल्या बर्फात ठेवा आणि सहा तासांच्या आत कुप्यांत भरा.

घरात विचारायचं कसं

प्रश्नावली दोन पानांपेक्षा मोठी नको. ‘पाणी उकळून पिता का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी म्हणा, “काकू, एक ग्लास पाणी कसं काढता, दाखवाल का?” आणि पाहा: झाकण होतं का, हात पाण्यात बुडला का, भांड्याचं तोंड किती रुंद, हंडा जमिनीवर की मांडणीवर. उकळण्याबद्दल विचारायचंच तर ‘शेवटचं कधी उकळलंत?’ असं विचारा.

जुलाबाची नोंद ठेवायची असेल तर व्याख्या आधी ठरवा. २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ शौच, मागच्या दोन आठवड्यांत, पाच वर्षांखालच्या मुलांत. हे केवळ वर्णनासाठी.

एक दिवस पाच घरांत चाचणी घेऊन प्रश्नावली सुधारा. ती पाच घरं मुख्य पन्नासात धरू नका.

वाचन आणि फसवे निकाल

कुप्या ३५ ते ३७ अंशांवर ठेवून २४ आणि ४८ तासांनी वाचा. इनक्यूबेटर नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्या आणि थर्मामीटर ठेवून काम भागतं, पण तापमान दिवसातून तीनदा लिहा. थंड रात्री कुपी उशिरा काळी पडते आणि दूषित पाणी चांगलं वाटतं. वाचणाऱ्याला कुपी नळाची की हंड्याची हे माहीत नसावं, क्रमांक दुसऱ्याने लावावेत. ‘थोडी करडी’ कुपी कशात धरायची हे पहिल्याच दिवशी नमुना फोटो ठेवून ठरवा.

रोजचा कोरा नमुना, म्हणजे उकळून गार केलेलं पाणी, काळा पडला तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद. हे मनाला लागतं, पण दुसरा मार्ग नाही.

बोअरिंगच्या किंवा विहिरीच्या पाण्यात सल्फाइड आधीच असू शकतं. असं पाणी विष्ठेशी संबंध नसतानाही काळं पडतं, आणि तेही अनेकदा काही तासांतच. असे नमुने वेगळे ठेवा. मुख्य नमुन्यांपैकी दहा-बारा नमुने सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ई. कोलायसाठी एमपीएन (जीवाणूंची संख्या अंदाजाने काढणाऱ्या) पद्धतीने तपासून घ्या. कुपीचा निकाल किती वेळा जुळला हे सांगता आलं की तुमच्या बाकीच्या आकड्यांनाही वजन येतं.

काळ्या कुप्यांत कोट्यवधी जीवाणू वाढलेले असतात. त्या बेसिनमध्ये ओतू नका. ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

आकडेमोड

दोन स्वतंत्र गटांसाठीची काय-वर्ग चाचणी इथे लावणं चूक आहे, कारण नमुने जोडीचे आहेत. मॅकनेमारची चाचणी वापरा. उदाहरणादाखल, पन्नास घरांपैकी २४ घरांत दोन्ही नमुने चांगले, ६ घरांत दोन्ही दूषित, १६ घरांत नळ चांगला पण हंडा दूषित आणि ४ घरांत नळ दूषित पण हंडा चांगला आला असं धरू. जुळलेल्या ३० घरांचा या चाचणीत उपयोग नाही. फरक पडलेली घरं २०, आणि ती २५ पेक्षा कमी असल्याने अचूक द्विपद पद्धत लावायची. १६ विरुद्ध ४ चं पी-मूल्य सुमारे ०.०१२ येतं, म्हणजे खरा फरक नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी.

तरीही त्या ६ आणि ४ घरांकडे, म्हणजे नळच दूषित असलेल्या १० घरांकडे आधी पाहा. नकाशावर त्यांच्या जोडण्या मांडा. त्या एकाच गल्लीत, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला आल्या आणि तिथेच क्लोरीन ०.२ च्या खाली असेल, तर तुमच्या अभ्यासातलं सर्वांत उपयोगी पान तेच.

उकळण्याचा खर्च

शाश्वततेचा, म्हणजे इंधन आणि पाणी जपण्याचा, भाग इथे येतो आणि तो मोजता येतो. २७ अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३०५ किलोज्यूल उष्णता लागते. गॅसमध्ये किलोला सुमारे ४६ मेगाज्यूल ऊर्जा असते, आणि शेगडीतून ६० टक्के पातेल्यात पोहोचते असं धरलं तर लिटरला ११ ग्रॅम गॅस जातो. पाच माणसांना रोज १० लिटर म्हणजे महिन्याला ३.३ किलो, १४.२ किलोच्या सिलिंडरचा जवळपास पाव भाग. ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला किती महाग आहे हे अहवालात लिहा. उकळी एक मिनिट पुरते, दहा मिनिटं खळखळवत ठेवण्याची गरज नाही, हे सांगितलं तरी गॅस वाचतो.

काही घरांत आरओ (पाण्यातले क्षार काढणारं) यंत्र असतं. शुद्ध पाण्याची आणि वाया जाणाऱ्या पाण्याची अशा दोन्ही नळ्या दहा मिनिटं वेगळ्या बादल्यांत सोडून मोजा, वाया जाणारं पाणी डोळ्यांसमोर येतं. तलावाच्या पाण्यात क्षार कमीच असतात, त्यामुळे त्याला आरओची गरज सहसा नसते. टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं होतं.

निकाल परत देणं

दूषित नमुना आलेल्या घराला निकाल हाती आल्यावर त्याच दिवशी सांगा, अहवालाची वाट पाहू नका. चिठ्ठीवर तीन ओळी पुरतात: कोणतं पाणी दूषित आलं, आज काय करायचं (उकळणं, किंवा आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे वापरणं), आणि पुन्हा तपासणी कधी. हंडा दूषित आलेल्या घराला झाकण, लांब दांड्याचं ओगराळं किंवा खाली तोटी असलेलं भांडं सुचवा. ‘तुमचं घर अस्वच्छ’ असा अर्थ निघेल असं बोलू नका.

नळ दूषित आला असेल तर विभाग कार्यालयातल्या जल खात्याला पत्र द्या. त्यात घर क्रमांक नको, गल्ली, तारीख, पाणी सुटल्याची आणि नमुन्याची वेळ, क्लोरीनचा आकडा एवढंच लिहा. पत्राची पोच घ्या. पालिकेच्या वार्षिक पर्यावरण स्थिती अहवालात विभागवार पाणी-नमुन्यांचे निकाल असतात, ते शेजारी ठेवा. त्याहून बारीक माहिती हवी असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे, म्हणून अर्ज प्रकल्पाच्या सुरुवातीलाच टाका.

पत्रानंतर दुरुस्ती झाली तर त्याच जोडण्यांचे नमुने त्याच वेळी पुन्हा घ्या. जादाच्या पाच कुप्या त्यासाठीच आहेत.